एका मास्तरकडं दोन वर्ग, त्यात टॅब कुठं बसवायचा: शाळेसाठी सॉफ्टवेअर निवडण्याच्या नोंदी

१६ जून २०२५

शाळा उघडली. प्रवेशोत्सव, गुलाबाची फुलं, पुस्तकं वाटप, पहिलीची पुस्तकं यंदा नवीन अभ्यासक्रमाची आलीत. दुपारनंतर पोरं घरी गेल्यावर कपाट उघडून काय काय आहे ते बघितलं कारण यावर्षी ठरवलंय की ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकली म्हणून वर्गात लावायची हे बंद, आपणच नीट निवडायचं आणि लिहून ठेवायचं.

शाळेची परिस्थिती आधी लिहितो. अकोले तालुक्याचा पश्चिम पट्टा, जिल्हा परिषदेची पहिली ते चौथी, पट तीसच्या आत, द्विशिक्षकी. मॅडमकडं पहिली-दुसरी, माझ्याकडं तिसरी-चौथी. लोकसहभागातून आलेले सहा टॅब, एक स्मार्ट टीव्ही, कोपऱ्यात दोन जुने डेस्कटॉप ज्यांच्यावर आत्तापर्यंत फक्त कव्हर चांगलं राहिलंय. पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षाचं शाळा अनुदान तीसपर्यंतच्या पटाला वर्षाचे १०,००० रुपये, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर, उरलेल्यात खडू, वीजबिल, नळाची तोटी, कौलं. म्हणजे सॉफ्टवेअर विकत घ्यायचा विषय मिटला. फुकट हवं, आणि खरंच फुकट हवं, पंधरा दिवस फुकट आणि मग रिचार्ज तसलं नाही.

२१ जून

कपाटात शैक्षणिक सीड्यांचा गठ्ठा सापडला. कुठल्या तरी वर्षी कुठल्या तरी कंपनीने तालुक्यात वाटलेल्या, प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. लॅपटॉपला बाहेरचा ड्राइव्ह जोडून लावल्या. उघडतच नाहीत, पांढरी चौकट येते फक्त. सगळं फ्लॅशमध्ये, म्हणजे अॅनिमेशन आणि खेळ बनवायच्या एका जुन्या तंत्रात, बनवलेलं. अडोबीने फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं आणि त्यानंतर ब्राउझरनी ते काढूनच टाकलं, त्यामुळं त्या काळातले अर्धे शैक्षणिक खेळ, इंटरनेटवरचे पण, एका रात्रीत गेले. रफल नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे जे जुन्या फ्लॅश फाइली चालवतं, त्याने दोन सीड्या जिवंत झाल्या. एकीत बेरजेचा फुगे फोडायचा खेळ होता, बरा होता. दुसरीत एक काका अर्धा तास पर्यावरणावर बोलतात.

यातून पहिला नियम निघाला आणि तो फळ्याच्या मागं खडूनं लिहून ठेवला: वस्तू ज्याच्यावर चालते ते उद्या बंद पडलं तर काय? म्हणून शक्यतो मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो आणि ज्याची दुरुस्ती जगात कुणीतरी करत राहतं.

२ जुलै

पाऊस. लाईट सकाळी गेली ती शाळा सुटेपर्यंत नाही. नेटवर्क तर देवळाच्या पारावर उभं राहिलं तर दोन काड्या, शाळेत नाहीच. दुसरा नियम: ऑफलाइन चाललं पाहिजे. "एकदा डाउनलोड केलं की चालतं" असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते टॅब विमान मोडवर टाकून, बंद करून, परत चालू करून बघायचं. लॉगिन मागितलं की बाद.

तिसरा नियम मॅडमनी सांगितला आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा. त्या म्हणल्या, सर, मी पहिलीला अक्षरं घेत असते तेव्हा दुसरी काय करते ते सांगा, मला असं काहीतरी द्या की दुसरीचे चार जण मला हाका न मारता वीस मिनिटं कामात राहतील, आणि नुसतं बघत बसून नाही. हे कुठल्याच प्रशिक्षणात कुणी विचारत नाही. तिथं सगळे डेमो एक वर्ग, एक शिक्षक, एक मोठी स्क्रीन असं धरूनच असतात. आपल्याकडं वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी शाळा बहुवर्ग आहेत, तिथं मोठ्या स्क्रीनवर काही लावलं की दुसऱ्या वर्गाचं लक्ष पण तिकडंच जातं, म्हणजे ज्यांच्यासाठी लावलं ते बघतात आणि ज्यांच्यासाठी नाही ते जास्त बघतात.

९ जुलै

दोन्ही डेस्कटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) टाकलं. एकाची रॅम काढून, खोडरबरानं पट्टी पुसून परत बसवल्यावर तो चालू झाला (हे आमच्या गावातल्या डीजेवाल्या पोराने शिकवलं).

त्याच्यावर जीकॉम्प्री. हे २००० पासून चालू असलेलं मोफत सॉफ्टवेअर, फ्रान्समधून सुरू झालं, आता केडीई नावाच्या मुक्त स्रोतवाल्या मंडळींकडं आहे, शंभराच्या वर खेळ, दोन ते दहा वयासाठी. प्रत्येक खेळावर तारे असतात त्यावरून कळतं लहानांचा की मोठ्यांचा, आणि सेटिंगमध्ये जाऊन किती ताऱ्यांपर्यंतचे दाखवायचे ते ठरवता येतं. हे फार कामाचं कारण नाहीतर पहिलीतली पोरं पाणबुडी चालवायच्या खेळात जाऊन अडकतात. मी भाषा लागणारे खेळ सध्या बाजूला ठेवले. माउस हलवायचा, घड्याळाचे काटे फिरवायचे, टॅनग्राम, जोड्या लावा, तराजू, हे भाषेशिवाय चालतं.

टक्सपेंट पण टाकलं. २००२ पासूनचं आहे. चित्र काढायचं, बास. पण त्यात एक गोष्ट कुणीतरी पोरांबरोबर बसूनच केलेली दिसते: चित्र सेव्ह करताना फाइलचं नाव, फोल्डर काहीच विचारत नाही, परत उघडायचं तर छोटी छोटी चित्रं दिसतात, आपलं ओळखून दाबायचं. ज्याला अजून स्वतःचं नाव टाइप करता येत नाही त्याला हे जमतं. मोठमोठ्या कंपन्यांच्या अॅपमध्ये हा विचार दिसत नाही.

१५ जुलै

आज चाचणी, म्हणजे वस्तूची, पोरांची नाही. पद्धत अशी: मी स्वतः शिकवायचं नाही, फक्त चालू करून द्यायचं आणि मागं बसून वहीत लिहायचं की हात कधी थांबला, मला कधी हाक मारली, शेजाऱ्याला काय सांगितलं.

तिसरीतले दोघे एका डेस्कटॉपवर, जीकॉम्प्रीचं घड्याळ. खेळात वर वेळ दिलेली असते आणि काटे ओढून तेवढे वाजवायचे. एकाने मिनिटकाटा गोल फिरवला तर तासकाटा पण हळूहळू सरकला, तो थांबला, परत उलटा फिरवला, परत सरकला. "ए हा मोठा फिरला की बारका आपोआप चालतो." दुसरा म्हणला, "मग बारक्याला हात कशाला लावतो?" तासकाटा मधेच का थांबतो, साडेतीनला तो तीनवर नसून तीन आणि चारच्या मधे का असतो, हे मी दरवर्षी पुठ्ठ्याच्या घड्याळावर सांगतो पण पुठ्ठ्याचे काटे एकमेकांना बांधलेले नसतात ना, त्यामुळं ते दिसतच नाही. इथं त्यांनी स्वतः काढलं. मला एकदाच हाक मारली, ती पण सांगायला.

शेजारी टीव्हीवर चौथीला परिसर अभ्यासाचा व्हिडिओ लावलेला. पोरं शांत. इतकी शांत की केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाचे, म्हणजे केंद्राचे, साहेब) आले असते तर खूष झाले असते. संपल्यावर विचारलं काय बघितलं, तर "पाणी", "ढग", "एक मुलगी होती". म्हणून नियम चार: पोराच्या हाताला किंवा तोंडाला काहीतरी काम लागलं पाहिजे. नुसतं बघायचं असेल तर ते दहा मिनिटांच्या वर नको आणि त्यानंतर हातात वस्तू पाहिजे.

(याला अपवाद अरविंद गुप्तांच्या खेळण्यांचे छोटे व्हिडिओ. ते पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांच्या विज्ञान केंद्रात होते, २०१८ ला पद्मश्री मिळाली. काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार बनवायचा व्हिडिओ काही मिनिटांचा आहे आणि तो बघितला की पोरं बघत बसूच शकत नाहीत, लगेच काडेपेटी मागतात. व्हॉल्व्ह ट्यूब आता मिळत नाही फारशी पण एका जुन्या सायकल दुकानात मिळाली. त्यांच्या वेबसाइटवर मराठी पुस्तकं पण भरपूर, फुकट, पीडीएफ.)

२५ जुलै

दीक्षा, अभ्यासाच्या साहित्याचं सरकारी अॅप. सप्टेंबर २०१७ ला केंद्र सरकारने चालू केलं, बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड त्याच्याशीच जोडलेले. क्यूआरची कल्पना आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसलेंनी आधी वापरली, त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला हे सगळ्यांना माहितीच आहे. दीक्षाचा मोठा फायदा म्हणजे शोधत बसावं लागत नाही, पाठ उघडला, कोड स्कॅन केला, त्याच पाठाचं साहित्य आलं. अॅपमध्ये डाउनलोड करून ठेवता येतं.

माझी पद्धत आता अशी बसलीय की रविवारी अकोल्यात बाजाराला गेलो की चहाच्या टपरीवर बसून पुढच्या आठवड्याचे पाठ उतरवून घ्यायचे. पण सगळे नाही. आधी स्वतः बघतो आणि जिथं सराव किंवा प्रश्न आहेत तेवढे ठेवतो. पाठ वाचून दाखवणारा व्हिडिओ मला नको, तो मी वाचून दाखवतो की, आणि मी वाचताना कोण जांभई देतंय ते मला दिसतं.

४ ऑगस्ट

वाचनासाठी गुगलचं रीड अलाँग अॅप. हे २०१९ ला भारतात बोलो नावाने आलं होतं, आधी हिंदीत, मग मराठी पण आलं. पोरगं मोठ्याने वाचतं, त्यातली दिया नावाची बोलकी मदतनीस ऐकते, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की म्हणून दाखवते. गोष्टी उतरवून ठेवल्या की नेट लागत नाही.

वर्गात बसून मात्र जमत नाही. चौघं एकदम मोठ्याने वाचायला लागले की कुणाचा आवाज कुणाच्या टॅबमध्ये जातो कळत नाही, हा आपल्या एका खोलीचा प्रश्न. म्हणून एकेकाला जागा दिली: एक ओट्यावर, एक पोषण आहाराच्या खोलीच्या दारात, एक फणसाच्या झाडाखाली, पाऊस नसेल तर. वर्गात माझ्यासमोर जी पोरगी तोंडातल्या तोंडात पुटपुटते ती दारात बसून टॅबला खणखणीत वाचून दाखवत होती. शिजवणाऱ्या मावशी पण ऐकत होत्या, मधेच "परत वाच गं" म्हणल्या. आता ती मावशींनाच पुस्तकातून वाचून दाखवते, टॅब नको म्हणते. चालेल, टॅब एक मोकळा झाला.

१२ ऑगस्ट

एका कंपनीचा माणूस आला. गाडी, बूट, टाय, चिखलात. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बरोबरच होते, त्यांना आधीच गाठलेलं. पहिली ते चौथीचं सगळं अॅनिमेशनमध्ये, एआय पण आहे म्हणे, पहिलं वर्ष मोफत. मी टॅब विमान मोडवर टाकून त्याच्या हातात दिला, म्हणलं दाखवा. ते नेट लागतं सर. मग म्हणलं नोंदणीला काय काय लागतं. मुलाचं नाव, जन्मतारीख, पालकांचा मोबाइल नंबर, फोटो असेल तर उत्तम.

इथं मी जरा खडसावूनच विचारलं की हे जातं कुठं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय, त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या वागण्यावर नजर ठेवणं, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. तो म्हणला सगळ्या शाळा देतात सर. अध्यक्षांना घरी जाताना सांगितलं, दादा, तुमच्या नातवाचा वाढदिवस आणि तुमचा नंबर त्यांच्याकडं गेला तर पुढं दहावीपर्यंत तुम्हाला क्लासवाल्यांचे फोन येतील. ते त्यांना लगेच पटलं, कायद्यापेक्षा लवकर.

नियम पाच: पोराचं नाव मागणारं अॅप नको. फारच लागलं तर टॅबला नावं दिलीत, हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रतनगड, तीच नावं टाकायची.

२० ऑगस्ट

मॅडमनी एक बारकावा पकडला जो माझ्या कधी लक्षात आला नसता. पहिलीसाठी अक्षर गिरवायचं एक अॅप बघत होतो, आवाज मराठी, चित्रं छान, जाहिरात नाही. पण त्यातला ल आणि श हिंदी वळणाचे. आपल्याकडं शासनाने २००९ ला वर्णमाला ठरवून दिली त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, पुस्तकात तोच, फळ्यावर तोच, आणि अॅपमध्ये गिरवायला दुसराच. मोठ्यांना फरक जाणवत पण नाही, आपण दोन्ही वाचतो. पण जे पोरगं आत्ता पहिल्यांदा ल काढायला शिकतंय त्याने पुस्तकासारखा ल काढला की अॅप चूक दाखवतं. मॅडम म्हणल्या, हे पोरगं घरी जाऊन पुसून पुसून वही फाडेल. बाद.

नंतर बाकीचं पण याच नजरेनं तपासलं. मराठी आहे म्हणणाऱ्या बऱ्याच अॅपमध्ये हिंदीचाच सांगाडा आणि वर मराठी आवाज असतो. बघायचं कसं: ल आणि श बघा, ळ आहे का बघा, आणि अंकांचं बोलणं एकवीस ते नव्याण्णव सगळं ऐका, मधलेच दोनचार ऐकून सोडू नका. गिरवण्यासाठी शेवटी वाळूचं ताट आणि पाटीच ठेवली, ती वीस मिनिटं तशीही जातात.

८ सप्टेंबर

गणपती झाले, पोरं परत माणसात आली.

चौथीला अपूर्णांक. फेट म्हणून कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प आहे, कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने २००२ ला सुरू केलेला, त्यांची सिम्युलेशन्स (स्क्रीनवर हाताने करून बघायचे प्रयोग) मराठीत पण भाषांतर झालेली आहेत. यातली सगळ्यात भारी गोष्ट: नवीन सिम्युलेशन म्हणजे एकच एचटीएमएल (वेबपानाची) फाइल, उतरवून पेनड्राइव्हवर घ्यायची, कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते, इन्स्टॉल नाही, लॉगिन नाही, नेट नाही. माझे सगळे नियम एकदम पास.

अपूर्णांकाच्या सिम्युलेशनमध्ये केकचे तुकडे बादलीतून ओढून ताटात भरायचे, आणि खाली छेद वाढवला की तुकडे बारीक होतात. चौथीतल्या पोरांचं नेहमीचं म्हणणं असतं की एक अष्टमांश मोठा कारण आठ मोठा. दोन पोरींनी छेद दोन, तीन, चार असा वाढवत नेला आणि एकजण वैतागून म्हणाली, "जेवढी माणसं जास्त तेवढं आपल्याला कमी येतं." मी तोपर्यंत तिसरीकडं होतो, वजाबाकी घेत. मागून हे वाक्य ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी भाकरी आणून तेच केलं, कारण स्क्रीनवरचे तुकडे नेहमी सारखेच होतात, भाकरीचे होत नाहीत, आणि समान भाग म्हणजे काय यावर खरी भांडणं भाकरीवरच झाली.

१८ सप्टेंबर

स्टोरीवीव्हर, गोष्टींची मोफत वेबसाइट, प्रथम बुक्सची, २०१५ पासून. गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या, मराठी भरपूर, आणि परवाना असा की नाव देऊन कुणीही छापा, बदला, भाषांतर करा. आमच्याकडची बरीच पोरं ठाकर आणि महादेव कोळी समाजाची, घरची बोली वेगळी. पहिल्या पातळीची एक गोष्ट घेतली, चौथीतल्या पोरांना विचारलं ही तुमच्या आजीला सांगायची तर कशी सांगाल, त्यांनी सांगितली, मी टाइप केली, छापून पिना मारल्या. पहिलीतली पोरं ते पुस्तक हातातनं सोडत नाहीत. मॅडम म्हणतात प्रमाणभाषेला हे शिडी म्हणून ठेवू, मी म्हणतो असू दे शिडी. छपाईचा खर्च गटसाधन केंद्रातल्या साधनव्यक्ती सरांनी तिथल्या प्रिंटरवर भागवला, कागद आपला.

६ ऑक्टोबर

केंद्राची शिक्षण परिषद. मला वीस मिनिटं दिली होती, चहा आल्यामुळं बारा मिळाली. सगळ्यांना यादी पाहिजे होती. यादी देतो पण आधी तुमच्याकडं एका वेळी किती वर्ग रिकामे बसतात ते सांगा म्हणलं. एका मोठ्या शाळेचे गुरुजी म्हणाले आमच्याकडं पॅनल (भिंतीवरची मोठी टचस्क्रीन) आहे, आम्हाला हे लागत नाही. बरोबर आहे, त्यांच्याकडं वर्गाला शिक्षक आहे, त्यांची यादी वेगळी निघेल. एक मॅडम एकशिक्षकी शाळेच्या, चारही वर्ग एकट्याकडं, त्यांनी मात्र पेनड्राइव्ह पुढं केला आणि म्हणाल्या सगळं द्या.

एकाने विचारलं कोडिंगचं काय, आता सगळीकडं तेच चाललंय. स्क्रॅच ज्युनियर दाखवलं, पाच ते सात वयासाठी आहे, वाचता येत नसलं तरी चालतं कारण ठोकळ्यांवर चित्रं आहेत. मांजर पळवायची, उडी मारायला लावायची. पण आमच्याकडं ते शनिवारी दप्तराविना शाळेच्या वेळात, रोज नाही. रोजचा टॅबचा वेळ वाचन आणि गणितालाच.

१५ ऑक्टोबर

काल १४ तारखेला विंडोज १० चा सपोर्ट संपला. केंद्रातल्या चार शाळांचे फोन आले, कॉम्प्युटर बंद पडणार का. बंद पडत नाही, सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतात. तुमचे जुने असतील तर दिवाळीनंतर एकेक घेऊन या, मिंट टाकून देतो, फक्त शालार्थ (पगाराचं) आणि यूडायसचं (शाळेच्या माहितीचं) सरकारी ऑनलाइन काम ज्या मशीनवर करता ते आणू नका, ते आधी वेगळं बघावं लागेल.

सध्याची यादी, दारामागं चिकटवली तशी: डेस्कटॉपवर जीकॉम्प्री आणि टक्सपेंट. टॅबवर रीड अलाँग, दीक्षातलं निवडक, शनिवारी स्क्रॅच ज्युनियर. पेनड्राइव्हवर फेटच्या फाइली. टीव्हीवर फक्त खेळण्यांचे व्हिडिओ, आणि साहित्य आधी टेबलावर काढून ठेवलेलं असेल तरच. कागदावर स्टोरीवीव्हर.

दिवाळीच्या सुट्टीत टॅब कपाटात अर्धे चार्ज करून ठेवायचे, पूर्ण भरून किंवा रिकामे नाही, बॅटरी लवकर मरते. रतनगडचा चार्जरचा खटका सैल झालाय, तो दुरुस्तीला. एकशिक्षकीवाल्या मॅडमचा पेनड्राइव्ह भरून अध्यक्षांकडं दिलाय, ते उद्या त्याच रस्त्यानं जाणार आहेत.